कलाकाराचं दिसणं: तयारी कुठे संपते आणि मोह कुठे सुरू होतो?

पदन्यास | रविवार, रात्री ९:१०

मी कथक करते आणि शिकवते. वय ४३. गेल्या पंधरा दिवसांत दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून हा धागा.

पहिली. एका महोत्सवासाठी फोटो मागवला होता. मी या वर्षीचे सगळे फोटो पाहिले, बाजूला सारले आणि नऊ वर्षांपूर्वीचा पाठवून दिला. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. पाठवल्यावर मात्र अस्वस्थ झाले, कारण त्या फोटोतल्या बाईपेक्षा मी आज चांगलं नाचते हे मला पक्कं ठाऊक आहे. तिला समेवर यायची घाई असायची. थांबायचं कसं ते तिला येत नव्हतं. तरीही मी तिलाच पुढे केलं.

दुसरी जास्त लागली. वर्गातली एक बारा वर्षांची मुलगी समूहनृत्याची तालीम संपल्यावर मागे रेंगाळली आणि म्हणाली, "ताई, मी काळी आहे म्हणून मला मागे ठेवलंय का?" मी पटकन म्हणाले, "छे गं, उंचीमुळे." रात्री तालमीचा व्हिडिओ लावला. तिच्याहून उंच दोन मुली पुढच्या ओळीत आहेत. आणि हिची लय त्या दोघींपेक्षा पक्की आहे. ओळी लावताना मी काय पाहिलं होतं ते त्या व्हिडिओत लख्ख दिसलं. फार लाज वाटली.

दिसण्याला मी कमी लेखत नाही. अभिनयाच्या चार प्रकारांत आहार्य आहेच: वेश, दागिने, रंग. पण तयारी कुठे संपते आणि मोह कुठे सुरू होतो? नाचणारे, गाणारे, नट, वादक, पडद्यामागचे, सगळ्यांनी लिहा. त्या मुलीला मला खरं उत्तर द्यायचंय.

मागची_रांग | रविवार, रात्री ९:३२

मी नुसता प्रेक्षक. पण हे इतक्या स्वच्छपणे लिहिलंत, त्यासाठी नमस्कार. वाचतोय.

तिसरी_घंटा | रविवार, रात्री १०:०५

पदन्यास, तुमचा फोटो नऊ वर्षांपूर्वीचा. मी अख्खी सहा वर्षं घालवली आहेत, तेव्हा माझंही ऐका.

नाटकात काम करते. वय ५८. वयाच्या ४६व्या वर्षी मला पहिल्यांदा आईच्या भूमिकेसाठी विचारलं. मुलगा झालेला नट माझ्याहून अकरा वर्षांनी लहान होता. मी संहिता वाचलीच नाही. "अजून आई नको" एवढं म्हणून फोन ठेवला. मग दुसरा आला, तिसरा आला. दर वेळी तेच उत्तर. मनात चित्र असं की एकदा आई केली की परत फिरता येत नाही. नायिकेच्या भूमिका तर आधीच थांबलेल्या. म्हणजे ना इकडे ना तिकडे. सहा वर्षं मी फक्त बक्षीस समारंभांना छान साडी नेसून जात होते.

शेवटी एका तरुण दिग्दर्शकाने सत्तरीची बाई करायला बोलावलं. का हो म्हटलं ते आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक तालमीच्या जागेचा वास आठवला म्हणून. पहिल्या प्रयोगाला केस पांढरे करून, पाठीत वाकून विंगेत उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आरशाची आठवण झाली नाही. कसं दिसतंय हा प्रश्नच मिटला होता. त्या रात्री आवाज असा लागला की मलाच नवल वाटलं.

हे सगळ्यांना लागू होईल असं मी म्हणत नाही. पण "मी कशी दिसते" हे बघणारा एक डोळा मनात सतत उघडा असतो आणि तो कामातली ताकद खातो, हे मी अनुभवाने सांगते.

पडद्यामागून | रविवार, रात्री १०:४८

रंगभूषाकार आहे, तीस वर्षं झाली. धाग्यातल्या मुलीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

आधी तयारी म्हणजे काय ते. रंगमंचावरच्या प्रकाशात चेहरा सपाट होतो. समोरून दिवे आले की नाक, गाल, डोळ्यांच्या खोबणी यांच्या सावल्या पुसल्या जातात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे म्हणजे दोन ठिपके दिसतात. म्हणून आपण डोळे लांबवतो, भुवई उचलतो, गालाखाली छटा देतो. हे सुंदर करण्यासाठी नाही, वाचता येण्यासाठी आहे. लांबून वाचायची पाटी मोठ्या अक्षरात लिहितात तसं. ही माझी तयारीची व्याख्या.

मोह कुठे सुरू होतो? बेसच्या, म्हणजे चेहऱ्यावर सगळ्यात आधी लावायच्या रंगाच्या, शेडपाशी. वर्षानुवर्षं आमच्या धंद्यात सावळ्या चेहऱ्यावर दोन-तीन शेड उजळ बेस थापायची सवय. मीही शिकलो तेव्हा तेच शिकलो. परिणाम काय होतो? चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या, हात तिसऱ्या. निळा प्रकाश पडला की तो चेहरा राखेसारखा दिसतो. मग म्हणायचं, "सावळी मुलगी स्टेजवर उठून दिसत नाही." अहो, आपणच तिला पुसली.

एक_वाचक | रविवार, रात्री ११:०२

पडद्यामागून, शेवटच्या वाक्यासाठी +१.

प्रकाशझोत | रविवार, रात्री ११:२०

प्रकाशयोजना करतो. पडद्यामागून यांना पूर्ण अनुमोदन, आणि आमच्या बाजूची भर. सावळ्या कातडीवर समोरून भसाभसा प्रकाश ओतायचा नसतो. बाजूने आणि थोडा मागून द्यायचा, म्हणजे गालाच्या हाडावर, खांद्यावर, दंडावर चमक उमटते आणि शरीराचा आकार दिसतो. पावडर कमी ठेवायची. मागचा पडदा काळा असेल तर मागून प्रकाशाची कड द्यायचीच. यासाठी जादा दिवे लागत नाहीत, फक्त दिव्यांची तोंडं फिरवावी लागतात.

अवांतर, पण सांगतो. हे फक्त आपल्याकडचं नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात छपाईचे रंग जुळवायला कोडॅककडून जी संदर्भकार्डं येत, त्यांवर बरीच वर्षं गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. यंत्रच गोऱ्या कातडीवर बेतलेलं, मग बाकीचे चेहरे काळवंडणारच. बॅले नाचणाऱ्या सावळ्या मुली तर कित्येक वर्षं आपल्या गुलाबी बुटांना स्वतः फाउंडेशन फासून ते पायाच्या रंगाचे करून घ्यायच्या. २०१८ मध्ये लंडनच्या फ्रीड कंपनीने बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेबरोबर तपकिरी छटांचे पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर नाचायचे बूट) काढले, तेव्हा कुठे ब्रिटनमध्ये ते तयार मिळू लागले.

ठेका | सोमवार, सकाळी ७:५५

सगळ्यांचं वाचलं, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. प्रेक्षक डोळे घेऊन येतो. देखणेपणा ही कलाकाराला मिळालेली देणगीच आहे, जसा गोड गळा. गोड गळ्याचा अभिमान चालतो, मग रूपाचा का नाही? बालगंधर्वांचं नाव घेताना आपण त्यांच्या रूपाबद्दल बोलतोच ना?

जुनी_पेटी | सोमवार, सकाळी ९:१५

ठेका, बरं झालं तुम्ही बालगंधर्वांचं नाव काढलंत. त्यांचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं.

१९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांच्या साड्या, दागिने, केसांची ठेवण यांचं अनुकरण घरंदाज स्त्रिया करत. पुरुषाने बाईसारखं कसं दिसावं एवढ्यावर ते थांबलं नाही, बाईने कसं दिसावं हेही लोक त्यांच्याकडे बघून ठरवू लागले. आणि त्या दिसण्यासाठी त्यांनी वाटेल तो खर्च केला. खरे शालू, खरी अत्तरं. कंपनी कर्जात गेली तरी हात आखडला नाही. हा मोह होता की निष्ठा? मला विचाराल तर त्यांच्या बाबतीत ही दोन वेगळी काढता येत नाहीत.

पण पुढचं बघा. १९३५ साली ते 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथ झाले, पुरुषवेषात, आणि लोकांना ते रुचेना. ज्या रूपाने त्यांना डोक्यावर घेतलं, त्याच रूपाने त्यांना बांधून घातलं होतं. वय वाढलं, शरीर सुटलं, तरी स्त्रीभूमिका सुटल्या नाहीत. त्या काळात ज्यांनी त्यांना ऐकलं ते सांगत, डोळे मिटून बसायचं आणि गाणं सुरू झालं की 'मानापमान'ची नायिका भामिनी समोर यायची. म्हणजे शेवटी राहिलं काय? गाणं.

ठेका | सोमवार, सकाळी ९:४०

जुनी_पेटी, डोळे मिटावे लागत होते हेच माझं म्हणणं. उघड्या डोळ्यांना रूप हवंच असतं.

पदन्यास | सोमवार, सकाळी १०:३०

ठेका, इथे मला केलुचरण महापात्रांची आठवण झाली. (१९२६–२००४, ओडिसीचे गुरू.) ते लहानपणी गोटिपुआ नाचत, म्हणजे मुलांनी मुलींचा वेश करून नाचायची ओडिशातली परंपरा. पण मोठेपणी राधा करताना त्यांच्या अंगावर साडी नव्हती, केसांत फुलं नव्हती. धोतर, उघडं अंग, विरळ झालेले केस, साठी ओलांडलेला पुरुष. तो मान जराशी वळवायचा, नजर खाली जायची आणि राधा लाजलेली दिसायची. त्यांची ध्वनिचित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल. एकदाही डोळे मिटावेसे वाटले नाहीत, उलट पापणी लवली तर काही निसटेल असं वाटायचं.

भरतनाट्यमच्या बालसरस्वतींबद्दलही हेच. उत्तरायुष्यातलं त्यांचं शरीर आजच्या कुठल्या जाहिरातीत बसलं नसतं, पण अभिनयाचा विषय निघाला की आजही त्यांचं नाव आधी येतं.

गज_आणि_तार | सोमवार, दुपारी १:१०

व्हायोलिन वाजवते, पाश्चात्त्य वाद्यवृंदात. आमच्याकडे परीक्षकांचे डोळे मिटायचा प्रत्यक्ष उपायच शोधला गेला. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी निवडचाचणीत पडदा लावायला सुरुवात केली. वादक पडद्याआड, परीक्षक पलीकडे. काही ठिकाणी जमिनीवर गालिचा घालत किंवा बूट काढायला सांगत, कारण टाचांच्या आवाजावरून बाई आहे हे ओळखू यायचं! १९७० साली तिथल्या अव्वल पाच वाद्यवृंदांत स्त्रिया पाच टक्क्यांहून कमी होत्या, १९९७ पर्यंत त्या पंचवीस टक्क्यांवर गेल्या. ही वाढ पडद्यामुळे किती आणि बाकीच्या बदलांमुळे किती यावर अभ्यासकांत वाद आहे. २००० साली आलेल्या गाजलेल्या अभ्यासाच्या आकडेमोडीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण मी स्वतः पडद्याआड वाजवलंय. खुर्चीत बसले आणि लक्षात आलं की आज कोणता ड्रेस घालायचा याचा विचार मी केलाच नव्हता. त्या दहा मिनिटांत मी फक्त आवाज होते. तसं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

भूमिका_हवी | सोमवार, दुपारी २:०५

गज_आणि_तार, छानच. पण पडदा लावून नाटकाची निवड कशी करणार?

मी चित्रीकरणासाठी कलाकार निवडायच्या कामात आहे. आमच्यावर सगळे चिडतात, म्हणून आतली गोष्ट सांगते. कथेत बापलेक असतील तर चेहरे जुळावे लागतात. कुस्तीगीर हवा असेल तर खांदे लागतात. ही कथेची मागणी, आणि तिची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या प्रकाराची. भूमिकेत काहीही लिहिलेलं नसतं. "कॉलेजात जाणारी हुशार मुलगी" एवढंच. तरी यादीतून सावळ्या, जाड, दात पुढे असलेल्या मुली आपोआप गळतात. कुणी हुकूम देत नाही. चाळणी आधीच आमच्या डोळ्यांत बसलेली असते. पदन्यास, तुम्ही ओळी लावताना जे केलंत ते मी दर आठवड्याला करते. तुमचं वाचून मी कालची यादी परत उघडली आणि चार जणींना बोलावलं.

मागची_रांग | सोमवार, दुपारी २:११

भूमिका_हवी, या धाग्याचं सार्थक इथेच झालं.

खर्ज | सोमवार, सायंकाळी ६:३०

गायिका. आम्हाला सगळे म्हणतात, तुम्हाला काय, गळाच बघायचा. तसं नाहीये. मंचावरचं गाणं आता आधी मोबाइलवर पाहिलं जातं, मग ऐकलं जातं.

ऑपेरातली दोन उदाहरणं मला नेहमी अस्वस्थ करतात. मारिया कॅलसने १९५३–५४ च्या सुमारास तीस किलोहून जास्त वजन उतरवलं. ती रंगमंचावर देखणी आणि चपळ झाली, अभिनय बहरला. पण पुढच्या काही वर्षांत आवाज डळमळू लागला आणि तो वजनामुळे की अतिकामामुळे की आणखी कशाने, हा वाद जाणकारांत आजही मिटलेला नाही. दुसरं डेबोरा व्हॉइटचं. २००४ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसने तिला एका भूमिकेतून वगळलं, कारण त्या निर्मितीतला छोटा काळा ड्रेस तिच्या अंगाला शोभणार नाही असं ठरलं. आवाजाबद्दल तक्रार नव्हती. त्याच वर्षी तिने पोटाची बायपास शस्त्रक्रिया करून घेतली, आणि २००८ साली त्याच ठिकाणी, तीच भूमिका गायली. लोक हिला विजयाची गोष्ट म्हणतात. मला ती वाचताना अजून राग येतो. ड्रेस उसवून मोठा करता येत नव्हता?

मणका | सोमवार, रात्री ८:४५

नर्तकांवर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट. खर्ज यांच्या प्रतिसादानंतर हे लिहिणं मला कर्तव्य वाटतं.

पदन्यास, तुमच्या वर्गात बारा-तेराच्या मुली आहेत. हाडांची बहुतेक घनता किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीपर्यंत तयार होते. त्याच वयात "पोट आत घे", "वेशात बसायला हवीस" असं ऐकून मुली जेवण तोडतात. सराव चालूच, पोटात कमी. शरीर काटकसर सुरू करतं: पाळी लांबते, मग थांबते, इस्ट्रोजेन घटतं, हाडं पातळ होतात. पुढे साध्या तत्कारातही (कथकच्या मूळ पायकामातही) पायाच्या हाडाला तडा जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, सोप्या भाषेत शरीराच्या ऊर्जेची तूट. मुलग्यांनाही होते.

माझ्याकडे एकोणीस वर्षांची नर्तकी आली होती. दोन वर्षं पाळी नाही. तिला ते बरंच वाटत होतं, कार्यक्रमात अडचण नको म्हणून. गुरूला विचारलं तर तेही खूश, "हल्ली किती हलकी नाचते." दोघांपैकी कुणीही वाईट माणूस नव्हतं. म्हणून शिकवणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती: तीन महिने पाळी चुकली तर ते शिस्तीचं लक्षण समजू नका, डॉक्टरकडे पाठवा. आणि मुलींच्या वजनावर वर्गात बोलणं आजपासून बंद करा.

नूपुरनाद | सोमवार, रात्री ९:२०

मणका, मीही अशीच होते. सविस्तर लिहायची अजून हिंमत नाही. तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

मणका | सोमवार, रात्री ९:२६

नूपुरनाद, घाई नाही. आता खाणंपिणं आणि पाळी ठीक आहे ना, एवढंच कळवा. निरोपात लिहिलंत तरी चालेल.

विग_कुठेय | मंगळवार, सकाळी ८:१०

गंभीर चर्चेत पुरुषांचं कुणी बोलेचना! केस जाणं हे नटाचं मोठं दुःख, आम्ही ते मोठ्याने बोलत नाही इतकंच. शॉन कॉनरीने जेम्स बाँड सगळा विग लावून केला. उलट युल ब्रिनरने एका संगीतिकेतल्या राजासाठी १९५१ साली डोकं तुळतुळीत केलं आणि ती भूमिका ४,६२५ प्रयोग केली, तेच डोकं त्याची ओळख झालं. आणि आपले रजनीकांत! पडद्यावर कसेही दिसोत, एरवी विरळ पांढऱ्या केसांनी, साध्या कपड्यांत चारचौघांत येतात. त्यामुळे त्यांच्यावरचं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही. मला हे फार आवडतं. वेश विंगेत उतरवून ठेवता आला पाहिजे.

तिसरी_घंटा | मंगळवार, सकाळी ८:४०

विग_कुठेय, आमच्या नाटकातल्या तिघांना हा प्रतिसाद आत्ताच वाचून दाखवला. एकाने टोपी काढली! टाळ्या झाल्या.

ठेका | मंगळवार, सकाळी ११:००

मी पुन्हा येतोय. काल रात्री एक अभ्यास वाचला आणि वाटलं माझ्या बाजूने आहे, मग वाटलं नाहीये. २०१३ सालचा. आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धांतल्या अंतिम तिघांच्या चित्रफिती लोकांना दिल्या: काहींना नुसता आवाज, काहींना आवाज बंद करून नुसतं चित्र, काहींना दोन्ही. खरा विजेता कोण ते ओळखायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघांत एक, म्हणजे ३३ टक्के. नुसता आवाज ऐकणाऱ्यांना तेवढंही जमलं नाही. मूक चित्र पाहणाऱ्यांनी निम्म्याच्या आसपास बरोबर ओळखलं. आणि यात पट्टीचे संगीतकारही होते!

मला आधी वाटलं, घ्या, डोळेच खरे. पण त्यांना चित्रात दिसलं काय? अभ्यास म्हणतो, वाजवण्यातली आसक्ती, झोकून देणं. नाकडोळे नव्हेत. मी तबला वाजवतो, मग आठवलं: माझे गुरू दिसायला अगदी साधे, पण उठान घेताना त्यांच्या खांद्यातून जे जायचं ते बघायला लोक पुढे सरकून बसत. म्हणजे मी "दिसणं" या एका शब्दात दोन गोष्टी कोंबत होतो. जुनी_पेटी आणि पदन्यास, माझा मुद्दा मागे घेतो. पूर्ण नाही, निम्मा.

जुनी_पेटी | मंगळवार, सकाळी ११:३५

ठेका, निम्मा मागे घेतलात, उरलेला निम्मा असू द्या. तोही खरा आहे.

पोथी | मंगळवार, दुपारी ४:२०

उशिरा आले. संस्कृत शिकवते. धागाकर्तीचा मूळ प्रश्न त्या मुलीचा होता आणि आपण पार लंडनपर्यंत जाऊन आलो, म्हणून परत तिच्याकडे येते.

'अभिनयदर्पण' या नृत्यावरच्या जुन्या ग्रंथात नर्तकी कशी असावी आणि कशी नसावी याच्या दोन याद्या आहेत. नसावी ही यादी वाचवत नाही: विरळ केसांची नको, जाड ओठांची नको, फार जाड नको, फार बारीक नको, फार उंच नको, बुटकी नको, कुबड नको. दहा दोष. एवढी चाळणी लावली तर आपल्यातलं कोण उरेल? आपल्या डोळ्यांवरची झापडं फार जुनी आहेत, हे शिक्षकांनी उघडपणे मुलांना सांगावं असं माझं मत आहे. परंपरा म्हणून डोक्यावर घ्यायचं आणि अडचणीचं ते गाळायचं, हे मला पटत नाही.

पण असावी या यादीत सुरुवातीलाच तीन शब्द येतात: तन्वी, रूपवती, श्यामा. 'श्यामा'चा अर्थ टीकाकार बहुधा तरुण स्त्री असा लावतात. तो रूढ अर्थ आहेच. तरी शब्द श्यामा आहे, आणि संस्कृत काव्यात सावळेपणाचं कौतुक ठायी ठायी आहे. द्रौपदीचं एक नाव कृष्णा, ते तिच्या वर्णावरूनच. शिवाय त्याच यादीत पुढे येतं की नर्तकीने गीत, वाद्य आणि ताल यांच्या मागे चालावं. पदन्यास, तुम्हीच लिहिलंय की त्या मुलीची लय पक्की आहे.

एक_वाचक | मंगळवार, दुपारी ४:२८

कृष्णा हे नाव वर्णावरून, हे माहीत नव्हतं. धन्यवाद पोथी.

आरसा_झाकलेला | मंगळवार, सायंकाळी ७:००

भरतनाट्यम शिकवते. माझ्या वर्गातला मोठा आरसा मी आठवड्यातून तीन दिवस चादरीने झाकते. सुरुवातीला मुली कासावीस झाल्या. आरसा असला की नजर सतत स्वतःच्या कंबरेवर, पोटावर. हस्ताच्या मागे नजर जावी हे शंभरदा सांगूनही जात नाही, कारण ती आरशात अडकलेली असते. झाकल्यावर महिनाभरात फरक पडला. पाय कुठे पडतोय हे त्यांना आतून कळू लागलं. आरसा वाईट नाही, रेषा तपासायला हवाच. पण रोज समोर नको. करून बघा.

खर्ज | मंगळवार, सायंकाळी ७:२५

आरसा_झाकलेला, मी रियाज करताना मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू ठेवते, चुका कळाव्यात म्हणून. आज कळलं की मी चुका बघतच नव्हते. उद्यापासून फक्त आवाज ध्वनिमुद्रित करणार.

पदन्यास | बुधवार, रात्री ९:५०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आज वर्ग होता, काय केलं ते लिहिते.

फोटोचं आधी. आयोजकांना या वर्षीचा पाठवला. तालमीतला, घामाघूम, कानाजवळचे पांढरे केस दिसणारा. पाठवताना बोट थांबलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग ओळी. मी मुलींना सांगितलं की आधीच्या ओळी मी चुकीच्या लावल्या होत्या, दिसण्याकडे बघून. एवढंच, कुणाचं नाव न घेता. सगळ्या गप्प झाल्या. मग चादर आणून आरसा झाकला आणि एकेकीला तीच तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) करायला लावली. मी पाठ करून बसले, फक्त पाय ऐकले. कुणाचे पाय ते मला बऱ्याचदा ओळखता आलं नाही. पाच जणी पुढे आल्या. त्यांत ती आहे.

वर्ग सुटल्यावर ती थांबली. मी म्हणाले, "त्या दिवशी तू विचारलंस ते खरं होतं. मी उंचीचं सांगितलं ते खरं नव्हतं." तिने बराच वेळ घुंगरांची दोरी गुंडाळली आणि म्हणाली, "मला माहीत होतं. मी पण मापून बघितलं होतं." आईबरोबर भिंतीवर उंची मोजली होती म्हणे, बाकीच्या मुलींची वर्गात डोळ्यांनी. बारा वर्षांची पोर, मी खरं बोलत नाहीये हे समजून दोन आठवडे रोज येत राहिली. मला काही बोलता आलं नाही. मग तिनेच विचारलं, "मेकअप करताना मला पांढरं करतात ते नको करू सांगाल का?"

पडद्यामागून, हे आता तुम्हालाच विचारते. कार्यक्रम वीस दिवसांवर आहे. तिच्यासाठी बेस कसा निवडायचा?

पडद्यामागून | बुधवार, रात्री १०:०४

ताई, तिला दुपारी खिडकीच्या उजेडात बसवा. ट्यूबलाइटखाली नको. तीन जवळच्या शेड घ्या आणि जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा संपून मान सुरू होते तिथे, बोटभर रेघा ओढा. दहा मिनिटं थांबा, कारण बेस सुकल्यावर रंग बदलतो. जी रेघ शोधावी लागेल ती तिची शेड. दोन शेडच्या मध्ये येत असेल तर मिसळायची, उजळ बाजूला न्यायची नाही. मान, कान, हात विसरू नका. पावडर कमी, डोळे ठसठशीत, लाली विटकरीकडे झुकणारी, फिकट गुलाबी नको. आणि हे सगळं तिच्या हाताने करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी चुकलं तर ती सांगू शकेल.

प्रकाशझोत | बुधवार, रात्री १०:११

आणि दिव्यांचा आराखडा मला पाठवा. बाजूचे दोन दिवे कुठे हवेत ते खुणा करून देतो.